आधी सूत आणा

आबांची घोंगडी फाटली ती बरोबर मधे. कडेच्या दशा शाबूत, काठाच्या पांढऱ्या रेघा शाबूत, आणि मधे जिथं आबा रोज संध्याकाळी ओसरीवर बसायचे तिथं ताट मावेल एवढी विरून गेलेली, उजेडाला धरली की पलीकडचं दिसायचं. आई म्हणाली गोधडीच्या आत घालून शिवून टाकू, तेवढीच ऊब राहील घरात. तिचं काही चुकत नव्हतं पण माझ्याच्यानं होईना. मी ती पुण्याला आणली, दोन वर्षं कपाटात ठेवली, पावसाळा संपला की ऊन दाखवलं, आणि शेवटी मागच्याच्या मागच्या दिवाळीत सुट्टी बघून माणदेशातल्या एका सनगर, म्हणजे पिढीजात घोंगडी विणणाऱ्या समाजातल्या, विणकराकडं घेऊन गेले.

विणकर मामा सत्तरीचे. घरातच खड्डामाग, म्हणजे जमिनीत खड्डा आणि त्यात पाय सोडून बसायचं, पायाखाली पावड्या, हातात धोटा. मला वाटलं ते आधी भोक बघतील. त्यांनी भोकाकडं बघितलंसुद्धा नाही. दशीतला एक धागा सुटा केला, अंगठा आणि बोटात धरून उलटा फिरवून त्याचा पीळ काढला, आतले केस मोकळे झाले तसे ते नखानं पसरून बघितले, आणि म्हणाले, "हातचं सूत हाय ताई. रफू करीन की, पर कशानं करू?"

मग त्यांनी त्यांच्याकडचं सूत दाखवलं, कोनावर गुंडाळलेलं, गिरणीतून आलेलं, सगळं एकसारखं. ते शेजारी धरलं तर मलापण फरक दिसला. गिरणीचा धागा गुळगुळीत आणि सपक वाटत होता, आबांच्या घोंगडीतला धागा जागोजागी कमीजास्त, पण दाबला की बोटाला परत ढकलत होता. मी विचारलं, मग तसलीच नवी विणून द्याल का. म्हणाले, "का न्हाई? माग चालू हाय, हात चालू हायत. आधी सूत आणा."

एवढंच बोलले आणि परत खड्ड्यात उतरले.

मी परतीच्या एसटीत तेच घोकत होते. लहानपणापासून माझ्या डोक्यात घोंगडी म्हणजे विणकर, माग, धोटा, तो खटखट आवाज. फोटो काढतात तेपण मागाचेच. सूत कुठून तरी येत असणार असंच मी धरून चालले होते, जसं पीठ गिरणीतून येतं तसं. आपल्या बोलण्यात तर घोंगडं किती आहे बघा, एखादं काम रेंगाळलं की भिजत घोंगडं, नको ती जबाबदारी आली की गळ्यात घोंगडं, गावात पुढाऱ्यांनी बसून ठरवलं की घोंगडी बैठक. सुतावरून स्वर्गही गाठतो आपण. पण ते सूत काढायला कोण बसलं होतं हे मीतरी कधी विचारलं नव्हतं, आणि आबांची घोंगडी ज्या बाईनं कातली तिचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. विणणाऱ्याचं गाव आईला आठवतं. मेंढ्या कुणाच्या होत्या तेपण आठवतं, कारण दरवर्षी दिवाळीनंतर कोकणाकडं उतरताना तो धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी बिऱ्हाडं, आमच्या रानात दोन-तीन रात्री थांबायचा, वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवायची, सकाळी जमीन लेंड्यांनी काळी झालेली असायची, आणि त्या खताच्या बदल्यात आजी ज्वारी द्यायची. लोकर त्यांच्याकडनंच घेतलेली. मधलं माणूस तेवढं गळलं.

तर मी सूत शोधायला लागले, मिळालं नाही, म्हणून लोकर शोधायला लागले.

लोकर मिळणं सोपं होतं आणि त्याचंच वाईट वाटलं. ज्या मेंढपाळांकडं गेले ते म्हणाले घेऊन जा की, आम्हाला कातरणाऱ्याची मजुरी निघत नाही, बऱ्याचदा बांधावर टाकून देतो. ही आपली दख्खनी मेंढी, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणाच्या कोरड्या पठारावरची, बहुतेक काळी, काटक, मैलोनमैल चालणारी. लोकर जेमतेम, एका मेंढीला वर्षाला साधारण अर्धा-पाऊण किलो, तीपण दोन कातरण्या मिळून, आणि भरड. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात दख्खनीचा मऊ लोकरीच्या परदेशी मेरिनो मेंढीशी संकर करून मऊ लोकर काढायचे प्रयोग झाले. पण बाजार मटणाकडं वळला होता. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात माडग्याळ जातीची मेंढी आहे, उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं नाक, वाढ जोरात आणि अंगावर लोकर जवळजवळ नाहीच, तिचे नर कळपात सोडायला लागले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तर बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली, आणि पोटासाठी हिंडणाऱ्या माणसाला एका मेंढीमागं दोन कोकरं मिळणं म्हणजे काय हे मला कळतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण काळ्या लोकरीची कुणी काळजी करेना झालं हेही खरंच. त्यात पानिपतची ब्लँकेटं, जुन्या स्वेटरच्या चिंध्या परत पिंजून केलेली, आठवडी बाजारात घोंगडीच्या कितीतरी कमी भावात.

ज्यांच्याकडनं लोकर घेतली त्या मेंढपाळाची आई, मी त्यांना मावशीच म्हणते, त्या वस्तीवर एकट्याच अजून कातत होत्या. तेपण आता कुणासाठी नाही. हाताला सवय म्हणून, आणि नातवंडांच्या करगोट्याला, बैलांच्या कंड्याला, कुणाच्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून पायात बांधायला काळा दोरा लागतो म्हणून. मी सांगितलं मला शिकायचंय. त्यांनी माझे हात बघितले, पालथे आणि उताणे, आणि म्हणाल्या, "ऱ्हा दोन दिस. आधी धुणं बघ."

कातरायच्या आधी मेंढरं धुतात हे मला ऐकून माहीत होतं, खंडोबाच्या गोष्टीमुळं. खंडोबा बाणाईसाठी धनगराच्या घरी चाकरीला राहतो, मेंढरं धुवायला नेतो आणि खडकावर आपटून मारून टाकतो, मग बाणाई लग्नाला तयार झाल्यावर परत जिवंत करतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला आपटणंच तेवढं लक्षात राहिलं होतं. ओढ्यात मांडीएवढ्या पाण्यात उभं राहून एकेक मेंढरू पोटाखाली हात घालून उचलून आत घ्यायचं, ते धडपडतं, त्याची लोकर पाणी पिऊन दुप्पट जड होते, पाठीवरून, मानेखालून हातानं चोळायचं, पाणी चहासारखं तांबडं होऊन वाहतं, मग सोडलं की ते काठावर जाऊन अंग झटकतं आणि तुम्ही पुन्हा भिजता. असं सकाळपासून शंभर वेळा केल्यावर देवाचाही संयम का सुटला असेल ते कळलं. मग एक दिवस कोरड्यात वाळू द्यायचं, कारण ओली लोकर कातरली की दबते आणि कुजका वास धरते.

कातरणी पुरुष करतात. लोखंडी कातर, मेंढीचे पाय बांधलेले, ती एकदा आडवी पडली की गप्प होते. दख्खनीची लोकर आखूड, तीन-चार बोटांची, त्यामुळं ती झुपक्या-झुपक्यांनीच हाती येते. मावशी शेजारी बसून त्याच वेळी वेगळं करत होत्या, पाठीवरची वेगळी, पोटावरची आणि मांड्यांची वेगळी कारण ती मळकी आणि तुटकी, काळी एकीकडं, भुरी एकीकडं, पांढरी काठाच्या रेघांसाठी जपून. सहा महिन्यांच्या कोकरांची पहिली कातरण मात्र त्यांनी वेगळ्या फडक्यात बांधली. जावळ म्हणायचं त्याला, कुणी जेन म्हणतं, मऊ आणि टोकाला निमुळती, कारण त्या केसाला अजून एकदाही कातर लागलेली नसते. जेनाची घोंगडी म्हणजे सगळ्यात भारी. मी हात लावून बघितला आणि मागायचं धाडस केलं नाही.

मी चार किलो घेऊन आले, म्हणजे पंधरा-सोळा मेंढ्यांच्या अंगावरची एका वेळची. पिशवीत दाबून भरली तर एका टेम्पोच्या कोपऱ्यात बसली, मोकळी केली तर माझी बाल्कनी भरली.

आता खरं सांगायचं तर वेळ नुसता कातण्याला लागत नाही, निवडण्यालाही लागतो. गोखरू, कुसळं, वाळक्या लेंड्या, बाभळीचे काटे, त्या मेंढ्या जिथं जिथं चरल्या ते सगळं माळरान त्या लोकरीत होतं. एकेक झुपका घ्यायचा, दोन्ही हातांनी फाकवायचा, काटा खाली पडला की ठीक, नाही पडला तर नखानं. मशीनमधे घालायचा मोह होतो पण गोखरू मशीनमधे तुटून बारीक होतात आणि मग ते कायमचे सुतात बसतात, अंगाला टोचतात ते तेच. आणि गरम पाणी, साबण, चोळणं हे तर बिलकुल नाही, लोकरीच्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात, गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकून लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट दबलेला थर, होतो, मग तो कुणाच्या बापाला सुटत नाही. कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवायची, उचलायची, निथळायची, परत. मी हे रोज ऑफिसवरून आल्यावर एक तास करत होते, दीड महिना.

मग पिंजणं. पूर्वी तातीचं धनुष्य टांगून त्याची तात लोकरीत धरायची आणि लाकडी ठोकळ्यानं ताडताड मारायची, तात थरथरली की लोकर उडून मोकळी व्हायची. कापसासाठी हेच काम करणारे पिंजारी, नदाफ गावोगाव फिरायचे, त्या तातीचा टंग-टंग आवाज आईला अजून आठवतो, गाद्या करायच्या दिवसातला. मावशींच्या वस्तीवर धनुष्य होतं पण तात तुटलेली. त्यांनी मला हातानं उकलून विंचरायला लावलं, खिळ्यांच्या दोन फळ्यांनी, एकीवर लोकर अडकवायची आणि दुसरी तिच्यावरून ओढायची. दोन-चार वेळा ओढलं की गुंता सुटतो आणि धुरासारखा एक पातळ थर तयार होतो. तो काडीभोवती गुंडाळून काडी काढून घेतली की पेळू झाला, करंगळीपेक्षा थोडा जाड, वीतभर लांब. पेळू हातात धरला तर वजन जाणवत नाही. मावशी म्हणायच्या पेळू घट्ट झाला तर सूत रुसतं आणि सैल झाला तर पळतं.

कातणं मला वाटलं होतं येईल, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टकळी फिरवलेली होती. पण तो कापूस. कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, त्याला पीळ खूप लागतो, चाती, म्हणजे चरख्याची सूत गुंडाळणारी टोकदार काडी, भरभर फिरावी लागते. पेटी चरख्याची सगळी रचनाच त्यासाठी. लोकरीला तेवढा पीळ दिला तर सूत सुतळीसारखं कडक होऊन स्वतःभोवतीच वळ्या घालतं. मावशींच्या चरख्याचं चाक मोठं, जड, बाभळीचं, चाकावरून चातीकडं जाणाऱ्या माळेला तेल आणि राळ लावलेली, चाती जाडसर. उजव्या हातानं चाक, डाव्या हातात पेळू. धागा चातीच्या टोकावरून तिरका निघतो, चाती एक फेरा मारते आणि टोकावरून धागा सटकतो, त्या प्रत्येक सटकण्यात एक पीळ आत जातो. डावा हात मागं मागं जातो, खांद्यापर्यंत, मग चाक जरा उलटं, हात वर उचलून धागा चातीवर गुंडाळायचा, परत टोकाला. हे लिहायला चार ओळी लागल्या, हाताला कळायला चार महिने लागले.

कारण सगळा खेळ पिळाचा आहे. पीळ धाग्यात सारखा पसरत नाही, तो आधी बारीक जागी धावतो. जिथं धागा पातळ तिथं पीळ जाऊन बसतो आणि ती जागा कडक होते, जिथं जाड तिथं पीळ पोचतच नाही आणि ती जागा पोचट राहते. मी सुरुवातीला जाड जागा दिसली की घाबरून थांबायचे. मावशी म्हणाल्या थांबू नको, ओढ. आणि खरंच, थोडा पीळ आत असताना हात हळू मागं ओढला तर कडक जागा हलत नाहीत, त्यांच्यातले केस घट्ट धरलेले असतात, आणि पोचट जागेतले केस एकमेकांवरून सरकून ती जागा आपोआप बारीक होते. ती बारीक झाली की पीळ तिथं येतो. म्हणजे धागा स्वतःला सारखा करत असतो, तुम्ही फक्त ओढ केवढी ते सांभाळायचं. हे ज्या दिवशी हाताला कळलं त्या दिवशी मी रात्री अकराला बाल्कनीत एकटी हसत बसले होते, हातात दोनेक मीटर धागा, फार सुंदर नव्हता, पण सलग होता.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. लोकर मात्र पीळ मुकाट्यानं धरत नाही, सुटं सोडलं की उलटी फिरून मोकळी व्हायला बघते. तो मुरवावा लागतो. लडी करून पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, खाली दगड बांधून सावलीत टांगायची, वाळेपर्यंत तिला कळतं की आता असंच राहायचंय.

पेळू संपला की दुसरा जोडायचा, आणि तिथं मी अजूनही कमी पडते. माझा सांधा म्हणजे गाठीसारखा फुगवटा. मावशी जुन्या पेळूचं टोक वीतभर विरळ करून ठेवतात, नव्याचंही तसंच, दोन्ही एकमेकांवर ठेवून ओल्या बोटानं नुसतं टेकवतात आणि चाक थांबतच नाही. मी त्यांच्या सुतावर बोट फिरवत गेले, डोळे मिटून, सांधा शोधत. नाही लागला.

मला सगळे विचारायचे एवढी खरखरीत लोकर कशाला, मेरिनो घे ना, ऑनलाइन मिळते. त्याचं उत्तर आहे. मेरिनोचा केस वीस मायक्रॉनच्या आसपास, दख्खनीचा चाळीस-पन्नासच्या घरात, आणि तिसाच्या वरच्या केसांची टोकं कातडीला टोचतात हे खरंच आहे. पण दख्खनीच्या बऱ्याच केसांचा गाभा पोकळ असतो. कुठलीही लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, आणि ती ओल घेताना थोडी ऊबपण सोडते. भरड, ताठ, घट्ट विणलेली घोंगडी पावसात खोळ करून डोक्यावर घेतली की पाणी वरच्या केसांवरून निथळत खाली जातं. चार महिने भिजत चालणाऱ्या माणसाला स्वेटरची लोकर कामाची नाही. ही मेंढी, हे रान आणि हे वस्त्र शेकडो वर्षं एकमेकांना बघून घडलेत, त्यातलं एक मऊ करायला गेलं की बाकीचं बिघडतं, असं मला वाटतं आणि मी ते वाद घालून सांगते. नवी घोंगडी टोचते, दहा वर्षांनी टोचत नाही, वीस वर्षांनी तिच्यासारखं दुसरं काही नसतं.

हिशेब करून ठेवलाय. मी सुरुवातीला तासाला वीसेक ग्रॅम कातायचे, म्हणजे अख्ख्या घोंगडीच्या अडीच किलो सुताला सव्वाशे तास, त्यात निवडणं, धुणं, विंचरणं, पेळू करणं धरलेलं नाही. विणायला मामांना तीन-चार दिवस. मावशी माझ्या तिप्पट वेगानं कातत असतील, तरी निवडणं, विंचरणं धरलं तर त्यांचे दिवस विणकराच्या दिवसांपेक्षा जास्तच. आणि त्यांनी सांगितलं ते मी विसरू शकत नाही, की सूत बाजारात वजनावर जायचं, आणि पैसे घरातले पुरुष घेऊन यायचे. त्यांनी हे रागानं नाही सांगितलं. मला राग आला. पहिली कामं सुटली ती याच बायकांची, कारण ज्या कामाचा मोबदला दिसत नव्हता ते सोडताना कुणाला काही गमावल्यासारखं वाटलं नाही, आणि आता विणकर म्हणतात सूत नाही.

तर सव्वा वर्ष. मधे चातुर्मासात दमट हवेनं पेळू चिकट झाले, दोन महिने बंद ठेवलं. मधेच पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जाऊन आले, कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगल्याजवळ, दसऱ्यानंतरची. तिथं लोक देवावर भंडारा, खारीक, खोबरं उधळतात आणि लोकरसुद्धा. पिवळ्याधमक हवेत काळे झुपके तरंगत खाली येताना बघितले, एक माझ्या खांद्यावर पडला. बोटांनी आपोआप तो फाकवून बघितला, लांब, स्वच्छ, पाठीवरची लोकर. देवाला चांगलीतलीच देतात.

ताण्याचं सूत माझ्याच्यानं झालं नाही. ताणा म्हणजे उभे धागे, मागावर ताणून बसवतात, फणीतून हजार वेळा घासले जातात, तिथं पोचट जागा एक जरी असली तरी तुटणार. आडवणाला, म्हणजे आडव्या धाग्यांना, थोडं सैल, फुगीर चालतं, उलट तेच अंगाला ऊब देतं. मावशींनीच ठरवलं, "ताणा मी देते, आडवण तुजं." त्यांनी त्यांचं सव्वा किलो दीड महिन्यात पुरं केलं. मी पैसे त्यांच्या हातात दिले, त्यांनी मोजून कनवटीला लावले.

मग मी लड्या घेऊन परत मामांकडं गेले. त्यांच्या सुनेनं चिंचोके भाजून, भिजवून, साल काढून कुटून शिजवायला ठेवले होते, ती खळ ताण्याला पाजली की एकेरी सुताचे केस बसतात आणि धागा मागावर टिकतो. सकाळी ऊन चढायच्या आत बोळातच ताणा पसरायचा आणि कुंच्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ ओढत जायची. घरभर शिजलेल्या चिंचोक्याचा वास. मी पिशवी उलटी केली. मामांनी आधी माझ्या लड्या घेतल्या, एकेक धागा ताणून बघितला, पहिल्या महिन्यातल्या दोन लड्या बाजूला ठेवल्या, म्हणाले ह्या कडेला नको, मधे घालू. बाकीला काही बोलले नाहीत, आणि मला तेवढं पुरलं.

मग त्यांनी ताण्याची पहिली लडी उचलली. धागा बोटांमधून सोडत गेले, हातभर, दोन हात, डोळे मिटून. मधेच थांबले. परत मागं गेले.

"हे तुमचं न्हाई."

नाही म्हटलं, एका मावशींचं आहे.

"ह्यो धागा वळखीचा हाय," म्हणाले. "पंधरा-इस वर्षं ह्येच सूत घेतलंय मी बाजारातनं. सांधा हाताला लागत न्हाई ह्याचा. मग यायचं बंद झालं. मला वाटलं गेली म्हातारी." कोण, कुठली, माहीत नव्हतं त्यांना. तोंड कधी बघितलं नव्हतं. वस्तीचं नाव सांगितलं तर म्हणाले एवढ्या जवळ? चौदा किलोमीटर.

मी त्याच संध्याकाळी वस्तीवर गेले. मावशी अंगणात पेळू वळत बसल्या होत्या, अंधार पडत आला होता तरी, त्यांना बघायला लागतच नाही. मी सांगितलं मामांनी सूत ओळखलं. त्यांचा हात थांबला.

"वळखलं? कशावरनं?"

म्हटलं सांधा हाताला लागत नाही म्हणाले.

थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. काडी काढून घेतली, पेळू टोपलीत ठेवला, पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "त्यास्नी सांग, मिरगाच्या आधी कातरणी हाय. काळी लागंल का भुरी, तेवढं इचारून ये."